दुसऱ्याची श्रद्धा विचित्र वाटते तेव्हा ती कशी तपासावी

मुंबईच्या मलबार हिलवर, एकाच टेकडीच्या दोन अंगांना, मृत्यूनंतरचे दोन वेगळे विधी कित्येक पिढ्या चालत आले आहेत. वाळकेश्वरच्या बाणगंगेवर हिंदू कुटुंबे पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतात आणि तिथून फार दूर नसलेल्या, गर्द झाडीने झाकलेल्या डुंगरवाडीत पारशी कुटुंबे आपल्या माणसाचा देह दोखम्यात, म्हणजे छप्पर नसलेल्या गोल दगडी बांधकामात, पक्ष्यांच्या आणि उन्हाच्या स्वाधीन करतात. दोन्ही ठिकाणी मृत्यू आहे, दोन्ही ठिकाणी पक्षी आहे, आणि मागे राहिलेल्यांची आपल्या माणसाचे पुढे नीट व्हावे ही तळमळही तीच आहे. तरीही बहुतेक मराठी माणसांना पहिला विधी हळवा वाटतो आणि दुसरा नुसता ऐकूनच अंगावर काटा येतो. पारंपरिक पारशी घरात वाढलेल्या माणसाचे नेमके उलट होते: ज्या अग्नीला आयुष्यभर नमस्कार केला त्याच अग्नीत प्रेत टाकायचे, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही.

विचित्र वाटणे ही त्या श्रद्धेविषयीची माहिती नसून तिच्यापासून आपण किती अंतरावर उभे आहोत याविषयीची माहिती आहे, असे माझे ठाम मत आहे. ज्या घरात रोज हिंगाची फोडणी पडते त्या घरातल्या माणसांना हिंगाचा वास येत नाही; तो दारात आलेल्या पाहुण्यालाच जाणवतो. मात्र एवढे म्हणून थांबलो, तर ‘ज्याचे त्याला बरोबर’ या आळशी निष्कर्षावर आपण येऊन पोहोचतो, आणि तो निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. म्हणून परक्या श्रद्धेला न्याय देता येईल, स्वतःच्या श्रद्धेला सूट मिळणार नाही, आणि जिथे खरोखर कुणाला इजा होते तिथे बोलण्याचा अधिकारही शाबूत राहील, अशी तपासणीची एक पद्धत पुढे मांडली आहे. वर्गात मिश्र समाजाची मुले असलेले शिक्षक, बातमी लिहिणारे पत्रकार, आंतरधर्मीय विवाह झालेली घरे आणि परमुलखात राहणारी मराठी माणसे यांना तिचा विशेष उपयोग होईल.

आधी दोन उघडी वाक्ये लिहावीत

एखाद्या श्रद्धेविषयी ऐकल्यावर आपल्या मनात नेमके काय उमटले, हे सर्वांत आधी ओळखावे. ते हसू आहे, किळस आहे की भीती आहे? ही प्रतिक्रिया कल्पनेमुळे आली, की कुठे तरी पाहिलेल्या एखाद्या छायाचित्रामुळे आली? परक्या श्रद्धा आपल्यापर्यंत बहुधा सर्वांत भडक क्षणाच्या रूपात पोहोचतात, आणि आपल्या स्वतःच्या श्रद्धा मात्र आजीच्या मांडीवर, सणाच्या सकाळी, गोडधोडाच्या वासासकट पोहोचलेल्या असतात. ही विषमता लक्षात घेतल्याशिवाय केलेली तुलना निरुपयोगी ठरते.

त्यानंतर एक कागद घ्यावा आणि परक्या विधीचे वर्णन ज्या कोरड्या, बाहेरच्या भाषेत आपण ऐकलेले असते, त्याच भाषेत आपल्या एखाद्या विधीचे वर्णन लिहावे. उदाहरणार्थ काकस्पर्श घेऊ. ‘या समाजातील लोक माणूस मेल्यानंतर दहाव्या दिवशी शिजवलेल्या भाताचे गोळे नदीकाठी ठेवतात आणि दूर उभे राहून एका काळ्या पक्ष्याची वाट पाहतात. पक्षी आला नाही, तर मृताची कोणती इच्छा राहून गेली असेल याचा अंदाज करून मोठ्याने आश्वासने देतात, आणि तरीही तो आला नाही, तर गवताचा पक्षी करून तोच भाताला टेकवतात.’ या वर्णनात एकही शब्द खोटा नाही, आणि तरीही ज्याने आपल्या वडिलांच्या दशक्रियेला घाटावर उभे राहून ऊन चढताना पाहिले आहे, त्याला या वर्णनात आपला विधी सापडणार नाही.

तो का सापडत नाही, हे जवळून पाहण्यासारखे आहे. घाटावर पिंड मांडलेला असतो, कावळे समोरच्या झाडावर असतात आणि खाली उतरत नाहीत. मंडळी कुजबुजू लागतात. मग एखादी वयस्कर आत्या म्हणते, ‘त्याचा जीव धाकटीत अडकलाय.’ मृताचा धाकटा भाऊ दोन पावले पुढे येतो, हात जोडतो आणि साऱ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, ‘दादा, धाकटीच्या लग्नाचं मी बघतो, तू काळजी करू नकोस.’ त्या क्षणी घडते ते पक्ष्याच्या पलीकडचे आहे. एक जिवंत माणूस आप्तांच्या साक्षीने एक जबाबदारी अंगावर घेतो, आणि उद्या ती टाळायची म्हटली तर भावकीत त्याला मान वर करता येणार नाही. कावळा पिंडाला शिवला की जमलेल्या सगळ्यांचा श्वास मोकळा होतो आणि विधवेच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल पडतो. आत्मा कावळ्याच्या रूपाने येतो की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो पुढे घ्यायचा आहे. सध्या एवढेच ध्यानात ठेवावे की बाहेरच्या वर्णनात या विधीचा अर्धाअधिक भाग गळून पडला होता. परक्या विधीविषयी आपल्यापर्यंत आलेल्या वर्णनातूनही तेवढाच भाग गळून पडला असणार, असे धरून चालावे.

आतली जोडणी शोधावी

दुसरी पायरी सर्वांत जास्त वेळ घेते आणि तिच्यात घाई करू नये. कोणताही विधी सुटा नसतो. तो काही गृहीतकांवर उभा असतो, आणि ती गृहीतके कळली की विधी बहुतेक वेळा त्यांचा सरळ निष्कर्ष ठरतो. जरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्या, धर्मात पृथ्वी, पाणी आणि अग्नी ही अहुर मझ्दाची, म्हणजे परमेश्वराची, पवित्र निर्मिती आहे. मृत्यू हे त्याच्या निर्मितीतले काम नव्हे, तो अंग्र मैन्युचा, म्हणजे दुष्ट शक्तीचा हल्ला आहे, आणि प्राण गेल्यावर देहाचा ताबा अपवित्रता घेते. ही दोन वाक्ये खरी मानली की पुरणे, जाळणे आणि पाण्यात सोडणे हे तिन्ही मार्ग आपोआप बंद होतात. उरतो तो उघड्यावर, उंचावर, दगडी बांधकामात देह ठेवण्याचा मार्ग. दोखम्याची रचनाही त्याच विचारातून आली आहे: छप्पर नसलेली गोल भिंत, आत एकात एक तीन वर्तुळे, बाहेरचे पुरुषांसाठी, मधले स्त्रियांसाठी, आतले मुलांसाठी, आणि मध्यभागी उन्हाने शुष्क झालेल्या अस्थी जिथे एकत्र होतात ती विहीर. राजा असो वा रंक, त्या विहिरीत सगळे एक होतात. आत फक्त नस्सेसालार, म्हणजे प्रेत वाहून नेणारे सेवक, जातात. घरच्या माणसांनाही प्रवेश नसतो. त्यापूर्वी सगदीद होतो, म्हणजे मृताचा चेहरा कुत्र्याच्या नजरेखाली आणला जातो. इराणी पुरोहितांचे देह पक्षी किंवा कुत्रा यांनी फाडल्याखेरीज पुरले जात नाहीत, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नोंदवून ठेवले आहे, यावरून या विचाराचे वय लक्षात यावे.

आता हिंदू बाजू पाहावी. अग्नी तिथेही पवित्रच आहे. पण तो देवांपर्यंत आहुती पोहोचवणारा असल्यामुळे देह ही त्याला दिलेली शेवटची आहुती ठरते. अग्नी पवित्र आहे म्हणून प्रेत त्यात द्यायचे, आणि अग्नी पवित्र आहे म्हणूनच प्रेत त्यात द्यायचे नाही, असे एकाच श्रद्धेतून दोन विरुद्ध आचार निघाले आहेत. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण त्यात अडाणीपणाला कुठे जागाच नाही. दोन्हीकडे विचार आहे, दोन्हीकडे तर्क आहे, आणि फरक पडला आहे तो तर्काच्या पहिल्या पायरीवर.

श्रद्धा कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभी आहे, हेही याच टप्प्यावर विचारावे. आफ्रिकेतील अझांदे लोकांमध्ये १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी धान्याच्या कोठाराचे उदाहरण नोंदवले आहे. उन्हाच्या वेळी माणसे कोठाराच्या सावलीत बसतात, कोठार कोसळते, कुणी तरी जखमी होते. खांब वाळवीने पोखरले होते, हे अझांद्यांना पुरते ठाऊक असते. त्यांचा प्रश्न निराळा असतो: नेमकी हीच माणसे खाली बसलेली असताना, नेमक्या याच घटकेला ते का कोसळले? त्याचे उत्तर ते जादूटोण्यात शोधतात. आपल्याकडे तोच प्रश्न पूर्वसंचितावर, साडेसातीवर किंवा कुणाच्या तरी दृष्टीवर सोपवला जातो, आणि तसे करणाऱ्या माणसालाही ट्रकचा ब्रेक निकामी झाला होता हे माहीत असतेच. ‘त्यांना कार्यकारणभाव कळत नाही’ असा निर्वाळा देण्याआधी, आपण आणि ते एकाच प्रश्नाविषयी बोलत आहोत ना, याची खात्री करून घ्यावी.

इथे एका फार रुळलेल्या चुकीपासून सावध केले पाहिजे. परकी प्रथा पटवून देताना आपण तिला लगेच शास्त्रीय कारण चिकटवतो: दोखमा पर्यावरणाला अनुकूल आहे, जागा आणि लाकूड वाचते, वगैरे. त्यात तथ्य असेलही, पण दोखमा त्यासाठी बांधलेला नाही. श्रद्धाळू माणसाने सांगितलेले कारण बाजूला सारून आपल्याला पटेल असे कारण तिथे बसवणे, हा आदराच्या वेशातला अनादर आहे. घंटेच्या नादाने जंतू मरतात, अशा छापाचे जे संदेश सणासुदीला फिरत असतात, ते आपल्या स्वतःच्या श्रद्धेचाही असाच अनादर करतात. देवासमोर घंटा वाजवणाऱ्या कुणाच्याही मनात त्या वेळी जंतू नसतात.

समजून घेण्याचा दुसरा हमखास मार्ग म्हणजे त्या समाजातला आपापसांतला वाद शोधणे. बाहेरून पाहिले की परका समाज एकजीव आणि गोठलेला दिसतो. आत गेले की माणसे भांडताना, बदलताना आणि काही गोष्टी सोडताना दिसतात. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे संशोधनातून स्पष्ट झाले आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर डुंगरवाडीचे आकाश रिकामे झाले होते. मग पारशी समाजात दीर्घ आणि कळकळीचा वाद झाला. काहींनी दोखम्यात सूर्यकिरण एकवटणारी यंत्रणा बसवण्याचा मार्ग धरला. काहींनी दहन स्वीकारले आणि त्यांच्यासाठी २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह उभे राहिले. काही धर्मगुरूंनी दहनानंतरच्या प्रार्थना म्हणण्यास नकार दिला, तर काहींनी त्या म्हटल्या. करोनाच्या साथीत दोखम्याच्या पद्धतीने अंत्यविधी करण्यास मनाई झाली तेव्हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दोखम्यावर पक्ष्यांना अडवणारी जाळी बसवण्याच्या अटीसह मार्ग निघाला. ज्या प्रथेला आपण एका वाक्यात विचित्र म्हणून मोकळे झालो होतो, तिच्याभोवती इतका विचार झाला आहे. एखाद्या समाजातला असा वाद आपल्याला अजून सापडला नसेल, तर आपल्याला तो समाज अजून कळलेला नाही, असे समजण्यास हरकत नाही.

माहिती विचारायची असेल, तर ‘तुमच्यात असं का करतात?’ हा प्रश्न टाळावा. तो ऐकताच समोरचा माणूस आपल्या समाजाचा वकील होतो आणि पाठ केलेले उत्तर देतो. ‘त्या दिवशी घरात काय काय चालतं?’, ‘तुम्ही लहान असताना पहिल्यांदा कधी पाहिलंत?’, ‘याबद्दल तुमच्या आईचं आणि तुमचं मत सारखंच आहे का?’ असे प्रश्न विचारावेत. एकाच माणसाच्या उत्तरावर विसंबू नये. पुरोहिताला विचारावे, तसेच घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही विचारावे, कारण धर्म ग्रंथात एक असतो आणि ओट्यापाशी थोडा निराळा असतो.

कशाच्या आधाराने ती ‘सर्वसामान्य’ झाली, हे पाहावे

परकी श्रद्धा विचित्र का वाटते, हा प्रश्न आपण विचारतो. आपली श्रद्धा सर्वसामान्य का वाटते, हा विचारत नाही. वास्तविक उत्तर तिथेच असते. लहानपणापासूनची सवय हा एक आधार तर आहेच, पण त्याबरोबरच संख्या, सत्ता आणि काळ यांचे आधार तपासले पाहिजेत.

सत्ता आणि संख्या काय करतात, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रोमन साम्राज्यात मिळते. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी हा आशिया मायनरमधल्या एका प्रांताचा राज्यपाल होता. ख्रिस्ती लोक गुप्तपणे एकत्र जमतात, नरमांस खातात, देवांना मानत नाहीत, असा त्या काळी बोलबाला होता. ‘हा माझा देह आहे’ असे म्हणून भाकरी खाणाऱ्या समूहाविषयी अशी अफवा उठावी, यात फारसे नवल नाही. प्लिनीने चौकशी केली, दोन दासींचा छळही करवला, आणि सम्राट ट्रेजनला कळवले की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि साधे, निरुपद्रवी अन्न खातात. आपल्याला एका विकृत आणि अतिरेकी अंधश्रद्धेखेरीज काहीही आढळले नाही, असेही त्याने लिहिले. पुढे ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, ३८० मध्ये तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला, आणि ३९१ मध्ये जुन्या देवांना बळी देण्यावर बंदी आली. भाकरी तीच होती, शब्द तेच होते; आता प्लिनीचे देव अंधश्रद्धेच्या खात्यात जमा झाले होते.

हेच गोव्यात आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच भाषाकुळात घडले. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाची, स्थापना झाली आणि मधला अल्प खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. १७३६ च्या फर्मानात नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांसाठी ज्या गोष्टी निषिद्ध ठरवल्या होत्या, त्यांत अंगणात तुळस लावणे होते आणि हिंदूंच्या रीतीने मीठ न घालता भात शिजवणेही होते. भात कसा शिजवावा यात कोणता धर्मसिद्धान्त असणार? परंतु सत्तेच्या नजरेला परकेपणा दिसतो तो असाच, रोजच्या सवयींत, आणि मग सवयच पाखंड ठरते. आपण बहुसंख्य असू त्या गावात, त्या गृहसंकुलात, त्या शाळेत आपली नजरही अशी होते का, हे तपासणे हा या पायरीचा खरा गाभा आहे. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या वासावरून सोसायटीच्या सभेत जे बोलले जाते, ते ऐकले की या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळते.

काळाची कसोटी लावताना मात्र स्वतःशी कठोर व्हावे लागते, आणि मला स्वतःला हा भाग सर्वांत अवघड वाटतो. १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली आणि ते तिथे आजही आहेत, ही लक्षावधी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागल्याचा दृष्टान्त एकनाथांना झाला, ही कथा मराठी घरांत मुलांना सांगितली जाते आणि ऐकताना कुणाला ती खटकत नाही. आता २९ जानेवारी २०१४ रोजी पंजाबमधील नूरमहल येथे दिव्य ज्योती जागृती संस्थानचे आशुतोष महाराज यांना डॉक्टरांनी मृत घोषित केले. ते समाधीत आहेत आणि परत येतील, असे अनुयायांनी सांगितले आणि देह शीतपेटीत ठेवला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी डिसेंबर २०१४ मध्ये अंत्यसंस्काराचा आदेश दिला, तर २०१७ मध्ये खंडपीठाने देह जतन करण्यास मुभा दिली. ही बातमी वाचून ज्यांना हसू आले, त्यांत आळंदीला नेमाने जाणारेही असणार.

या दोन गोष्टी एकच आहेत, असे मी म्हणत नाही. एकीकडे ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ, नामदेवांचे समाधीचे अभंग आणि सात शतकांची वारी आहे. दुसरीकडे वैद्यकीय दाखला, न्यायालयातला खटला आणि एका मोठ्या संस्थेच्या भवितव्याचा प्रश्न आहे. तथापि आपल्या हसण्यातला किती भाग या फरकांमुळे आला आणि किती भाग केवळ शीतपेटी नवी आणि दगडी समाधी जुनी असल्यामुळे आला, हे प्रामाणिकपणे वेगळे करून पाहावे. जुन्या श्रद्धेला काव्य मिळालेले असते, मंदिर मिळालेले असते, आणि तिचे पहिले, ओबडधोबड दिवस पाहिलेला साक्षीदार कुणी उरलेला नसतो. नव्या श्रद्धेला हे काहीच मिळालेले नसते.

विचित्र, असत्य आणि अपायकारक हे तीन प्रश्न वेगळे ठेवावेत

आतापर्यंत आपण ‘विचित्र’ या शेऱ्याची उलटतपासणी केली. त्यातून श्रद्धा खरी ठरत नाही आणि निर्दोषही ठरत नाही. कावळ्यात आत्मा येतो का, हा सत्याचा प्रश्न आहे. त्याला पुरावा लागेल, आणि तोच पुरावा अझांद्यांकडे, नूरमहलकडे आणि आळंदीकडे सारख्याच काटेकोरपणे मागावा लागेल. तिसरा प्रश्न अपायाचा: यात कुणाच्या शरीराला, मालमत्तेला, प्रतिष्ठेला इजा होते का, आणि ज्याला ती होते त्याला नाही म्हणण्याची सोय आहे का?

महाराष्ट्राने हा तिसरा प्रश्न कायद्यात बऱ्याच विवेकाने मांडला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीत श्रद्धांची यादी नाही, कृत्यांची आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधून मारणे, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, आणि अशीच इतर. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा लागू नाही, आणि दिवंगत संतांचे चमत्कार सांगण्यालाही लागू नाही. कायदा चमत्कार खरा की खोटा हे विचारत नाही. चमत्काराच्या नावावर आज कुणाचे नुकसान होते का, एवढे विचारतो. घरगुती तपासणीतही हीच सीमारेषा वापरावी.

ही रेषा घेऊन पाहू लागलो की एक अस्वस्थ करणारी गोष्ट ध्यानात येते. विचित्र वाटणाऱ्या प्रथांचा अपाय चटकन दिसतो, कारण आपण तिथे डोळे उघडे ठेवून पाहतो; सर्वसामान्य वाटणाऱ्या प्रथांचा अपाय पिढ्यान्पिढ्या दिसत नाही. नवऱ्याच्या चितेआधी बाईच्या हातातल्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे हे सगळे सुशिक्षित घरांतही कुणी फारसा प्रश्न न विचारता होत आले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी ठरली आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचा कित्ता गिरवण्यास सांगितले. जे दिसायला २०२२ साल उजाडावे लागले, ते गावातल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले होते. दोखम्याविषयी ज्यांना शहारा येतो, त्यांतल्या अनेकांनी हा प्रकार शांतपणे उभे राहून पाहिलेला असतो.

काही प्रकरणे या पद्धतीनेही सुटत नाहीत, आणि ती जबरदस्तीने सोडवू नयेत. जैनांचे संथारा किंवा सल्लेखना हे त्यांतले एक. अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडून मृत्यूला सामोरे जाण्याच्या या व्रताला राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये बेकायदा ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ही आत्महत्याच आहे, असे चटकन म्हणणाऱ्या मराठी वाचकाने फेब्रुवारी १९६६ मध्ये सावरकरांनी आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारून देह ठेवला, हे आठवावे, आणि त्या वेळी आपण किंवा आपल्या वडीलधाऱ्यांनी कोणते शब्द वापरले होते, हेही आठवावे. शब्द वेगळे असतील, तर ते कोणत्या कारणाने वेगळे आहेत, हे सांगता आले पाहिजे. निर्णय खरोखर त्या व्यक्तीचा होता का, घरच्यांचा दबाव होता का, मागे फिरण्याची वाट मोकळी होती का, हे प्रश्न तिन्ही ठिकाणी सारखेच लागू होतात, आणि उत्तर प्रत्येक वेळी निराळे येऊ शकते.

प्रश्न आपल्याला विचारला गेला तर

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला शाळेत कुणी तरी विचारतेच की तुमच्या देवाला हत्तीचे डोके का आहे. घरच्यांनी अशा वेळी प्लॅस्टिक सर्जरीच्या गोष्टी त्याच्या हाती देऊ नयेत आणि समोरच्याच्या धर्मातले उणे काढायलाही शिकवू नये. गोष्ट जशी आहे तशी सांगावी, आपल्या घरात गणपती आला की काय होते ते सांगावे, आणि घरातले काही जण ही गोष्ट अक्षरशः मानतात तर काही जण कथा म्हणून जपतात, हेही न लाजता सांगावे. आपल्याला परक्याकडून जे प्रामाणिक उत्तर अपेक्षित असते, तेच आपण द्यावे, आणि त्याबदल्यात त्याच्या घरातल्या एखाद्या सणाविषयी तितक्याच उत्सुकतेने विचारावे.

आणि दुसऱ्या समाजातल्या एखाद्या अपायकारक प्रथेविरुद्ध बोलण्याची वेळ आलीच, तर सुरुवात त्या समाजातून आधीच उठलेल्या आवाजापासून करावी. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. हेरवाडचा ठराव त्याच गावच्या लोकांनी केला. वरळीच्या प्रार्थनागृहासाठी पारशीच झटले. अशी माणसे बहुतेक समाजांत असतात आणि त्यांना आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागतो. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत पुढे न्यावे, त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीने बोलू नये, आणि आपल्या समाजातल्या अशाच माणसाच्या पाठीशी आपण मागच्या वेळी उभे राहिलो होतो का, हे बोलायला उठण्यापूर्वी स्वतःला विचारून घ्यावे.